लिमोजची वेठ

फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा विचार करतांना आपली दृष्टि बहुधा व्हर्सायच्या राजवाड्यावर खिळून राहते. परंतु राजाची सत्ता प्रांतोप्रांतीं ज्यांच्या रूपानें वावरत होती, त्या इंटेंडंट नांवाच्या अधिकाऱ्यांकडे पाहिल्यावांचून जुन्या राजवटीचें बळ आणि तिची दुर्बलता नीट उमगत नाहीं.

त्या राज्यांत न्याय व वसुली यांच्या बहुतेक जागा विकत मिळत आणि पुढें वारसाकडे जात. आपल्याकडील वतनांचीच ती जात म्हणावी. इंटेंडंटची जागा मात्र विकाऊ नव्हती. तो राजाच्या आज्ञापत्रानें येई व राजाच्या मर्जीनें जाई. रिशल्यूनें या अधिकाऱ्यांना बळ दिलें. १६४८ सालीं न्यायसभांनीं राजसत्तेशीं झगडा मांडला, तेव्हां यांपैकीं बहुतेकांना परत बोलवावें लागलें. पण बंड मोडतांच ते पुनः आले, आणि कोल्बेरच्या काळांत त्यांचा जम कायमचा बसला. न्याय, बंदोबस्त व वसुली हीं तिन्ही कामें त्यांच्या नजरेखालीं आलीं.

अशा अधिकाऱ्याच्या हातून काय होऊं शकतें, हें तुर्गोनें दाखविलें. १७६१ पासून १७७४ पर्यंत तो दरिद्री लिमोज प्रांताचा इंटेंडंट होता. सडका बांधण्यासाठीं शेतकऱ्यांना आपलीं गुरें घेऊन, मोबदल्यावांचून, वेठीला जावें लागे. तुर्गोनें ती बंद करून तिच्या जागीं पैशाची पट्टी बसविली व रोख मजुरी देऊन सडका बांधविल्या. १७७० च्या सुमारास दुष्काळ पडला, तेव्हां त्यानें गरिबांसाठीं कामें काढलीं, आणि अर्धेलीच्या कुळांना पुढील पिकापर्यंत पोसण्याची सक्ती जमीनदारांवर केली.

तथापि एक गोष्ट त्याच्या हातांत नव्हती. वेठ गेली, पण तिच्या बदलीची पट्टी पडली ती ‘ताय्य’ नांवाचा कर देणाऱ्या प्रजेवरच. सरदार त्या करांतून मुक्त होते, आणि ही माफी मोडणें कोणाही इंटेंडंटच्या अधिकाराबाहेरचें होतें. १७७४ मध्यें तुर्गो अर्थमंत्री झाला. त्यानें १७७६ सालीं वेठ राज्यभर उठवून तिचा भार सरदारांसह जमीनधारकांवर टाकण्याचा हुकूम काढला. पॅरिसची न्यायसभा खवळली. राजानें स्वतः बसून हुकूम नोंदवून घेतला. पण मे महिन्यांत तुर्गोला पदच्युत केलें, आणि ऑगस्टमध्यें तो हुकूमही फिरविला.

क्रांतीनें इंटेंडंट नाहींसे केले. १८०० सालीं नेपोलियननें नेमलेले प्रिफेक्ट पुष्कळ अंशीं त्यांचेच वारस होते. जुन्या राजवटीचा हा वारसा पुढें १८५६ मध्यें तोकव्हीलनें विशद केला. परंतु प्रिफेक्टांना सरदारांच्या करमाफीशीं झुंजावें लागलें नाहीं, कारण ती १७८९ सालींच गेली होती. कुशल कारभारी अन्यायाचा भार हलका करूं शकतो. तो भार कोणी वाहावा, हा प्रश्न मात्र कारभाराचा नसून राज्यरचनेचा असतो. तुर्गोला जें लेखणीनें साधलें नाहीं, तें अखेर क्रांतीनें केलें. आणि त्याची किंमत फ्रान्सला फार जबर द्यावी लागली.