गर्भारपण, आईचें दूध आणि बाळाचें कवच

बाळंतपण म्हणजे स्त्रीचा दुसरा जन्म, असें जुन्या बायका म्हणत. या बोलण्यांत माया आहे, तशी भीतीहि आहे. भिवंडीजवळच्या दापोडे गांवापासून खालीं सावंतवाडीपर्यंत साऱ्या कोंकणपट्टींत शेगडीचा शेक, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि पांचवीची पूजा हा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्यांत बाळंतिणीची काळजी पुष्कळ होती. गर्भारशीचें पोषण मात्र घरच्या ऐपतीवर सोडलेलें असे. दुसरी एक उणीवहि होती. पहिल्या दोन-तीन दिवसांचें पिवळसर, दाट दूध, ज्याला चीक म्हणतात, तें पुष्कळ घरीं पिळून टाकीत आणि बाळाच्या जिभेला मध किंवा गुळाचें पाणी लावीत. त्या चिकाची किंमत कळावयास फार काळ लागला. आणि गर्भारशीच्या ताटाची किंमत जगाला कळण्याच्या कामीं मुंबईच्या गिरण्यांतील कामकरी स्त्रियांचा वांटा मोठा आहे.

१९२८ सालीं डॉ. लूसी विल्स नांवाच्या इंग्रज बाई मुंबईस आल्या. गरोदरपणीं होणाऱ्या पंडुरोगाचें कारण शोधण्याचें काम त्यांच्याकडे सोंपविलें होतें, आणि परळची हाफकिन संस्था हें त्यांचें ठाणें होतें. कापडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या पुष्कळ स्त्रियांना दिवस गेले कीं त्यांचें तोंड पांढरें फटक पडे, चार पावलें चालतां धाप लागे, आणि कित्येक जणी बाळंतपणांत दगावत. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां त्यांच्या रक्तांतील तांबड्या पेशी संख्येनें थोड्या, पण आकारानें नेहमींपेक्षां मोठ्या दिसत.

रोग म्हटला कीं त्याच्या मुळाशीं जंतु असावा, असा त्या काळीं वैद्यकाचा पहिला संशय असे. विल्सबाईंनींहि आधीं तोच माग काढला. परंतु गुन्हेगार जंतु सांपडला नाहीं. मग त्यांनीं स्त्रियांच्या चुलीकडे पाहिलें. निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांच्या आहाराची तुलना करतां दिसून आलें कीं, ज्यांच्या ताटांत भाजीपाला, फळें आणि दूध यांचें दुर्भिक्ष, त्यांनाच हा रोग अधिक गांठतो. पुढें मद्याच्या कारखान्यांत उरणाऱ्या किण्वापासून केलेलें ‘मार्माइट’ नांवाचें स्वस्त चाटण त्यांनीं रुग्ण स्त्रियांना दिलें, आणि फिकट चेहऱ्यांवर रक्त चढूं लागलें. १९३१ सालीं हा निष्कर्ष त्यांनीं प्रसिद्ध केला. तेंच गुणकारी द्रव्य १९४१ सालीं पालकाच्या पानांतून वेगळें करण्यांत आलें व त्यास फॉलिक आम्ल हें नांव मिळालें. आज गर्भारशीला सरकारी दवाखान्यांत लोहाची जी गोळी देतात, तींत हें द्रव्य असतें.

याच सुमारास, १९२८ सालीं, मुंबईच्या कायदेमंडळांत गिरणीकामकरी स्त्रियांना प्रसूतीच्या काळांत भत्ता व विश्रांति देण्याच्या विधेयकावर चर्चा झाली. प्रसूतीच्या आधीं आणि नंतर मातेला विसांवा मिळणें हें राष्ट्राच्याच हिताचें आहे, अशी भूमिका घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यास पाठिंबा दिला. १९२९ सालीं कायदा झाला. एकाच शहरांत, एकाच कष्टकरी वर्गाविषयीं, प्रयोगशाळा आणि कायदेमंडळ दोन्हीं एकच गोष्ट सांगत होतीं: मूल राखावयाचें तर आधीं आई राखली पाहिजे.

दुधाचा शोध निराळ्या वाटेनें चालला होता. १८९२ सालीं जर्मनींत पॉल एर्लिख यांनीं कांहीं उंदरिणींना विषाची हळूहळू संवय लावून प्रतिकारक्षम केलें आणि पिलांची अदलाबदल केली. साध्या आईच्या पोटचीं, पण प्रतिकारक्षम उंदरिणीच्या अंगावर प्यालेलीं पिलें त्या विषाला दाद देईनात. कवच दुधांतून येतें, हें तेव्हां सिद्ध झालें. शतक पालटतांना पॅरिस येथें हेन्री टिसिये यांना अंगावर पिणाऱ्या बालकांच्या मळांत दोन फांट्यांचा एक निरुपद्रवी जंतु विपुल आढळला. १९६१ सालीं स्वीडनच्या लार्स हॅन्सन यांनीं मानवी दुधांतील प्रतिपिंड रक्तांतल्याहून निराळ्या घडणीचे असल्याचें दाखविलें. चिकांत ते सर्वांत दाट असतात. म्हणजे टाकून दिला जाणारा चीक हीच बाळाची पहिली लस होती.

हे प्रतिपिंड बनतात कसे, हें पुढें उलगडलें. आईच्या आंतड्यांत ज्या जंतूंशीं गांठ पडते, त्यांची ओळख पटलेल्या पेशी गर्भारपणाच्या शेवटीं व पाजण्याच्या काळांत स्तनांत येऊन वसतात आणि त्याच जंतूंविरुद्धचे प्रतिपिंड दुधांत सोडतात. ज्या घरांत, ज्या पाण्यावर आई राहते, त्याच घरच्या शत्रूंची ढाल बाळास मिळते. पुढें, निरोगी आईचें दूध जंतुविरहित असतें ही समजूतहि ढळली. २००३ सालीं स्पेनमधील संशोधकांनीं दुधांतून दह्याच्या जातीचे आम्लकारी जंतु वेगळे केले. दुधांतील कांहीं शर्करा तर बाळाला पचतच नाहींत. त्या टिसियेंच्या त्या जंतूंचें अन्न आहेत. आईचा स्थूलपणा, शस्त्रक्रियेनें झालेली प्रसूति किंवा जंतुनाशक औषधें यांमुळें दुधांतील जंतूंचा मेळ बदललेला कांहीं अभ्यासांत दिसतो. मात्र सर्व अभ्यास एकमुखी नाहींत.

मग उपाशी आईचें दूध निकस असतें काय? येथें निसर्गाचा हिशेब विलक्षण आहे. फॉलिक आम्ल आईच्या अंगीं कमी असलें तरी दुधांत तें बहुधा कमी पडत नाहीं. आईचा सांठा मोडून तें बाळाला पोंचतें. ब-१२ व ब-१ हीं जीवनसत्त्वें आणि आयोडीन यांचें तसें नाहीं. आईजवळ नसेल तर दुधांतहि तें उणें पडतें. लोह दुधांत मुळांतच थोडें. बाळाची पुंजी गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत सांठते. विल्सबाईंनीं पाहिलेल्या फिकट चेहऱ्यांचा अर्थ यावरून अधिक कळतो. अशक्त आईनें पाजूं नये, असा मात्र याचा अर्थ नव्हे. तिचें दूध बाळाला अमृतच आहे, फक्त त्याची किंमत तिच्या हाडामांसांतून वसूल होते.

ज्या बाळांना आईचें दूध मिळूं शकत नाहीं, त्यांच्यासाठीं १९८९ सालीं डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानें मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. तेथें एका आईचें उरलेलें दूध दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मिळतें. दान केलेलें दूध सौम्य उष्णतेनें निर्जंतुक करावें लागतें. त्यांत उपकारक जंतु मरतात, पण प्रतिपिंडांचा बराच अंश टिकतो.

गिरण्या आतां जवळजवळ बंद झाल्या. दापोडे आणि आसपासच्या गांवांत, जेथें भाताचीं खाचरें होतीं, तेथें मालाचीं प्रचंड गोदामें उभीं आहेत. २०१७ च्या दुरुस्तीनें प्रसूतीची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली; परंतु रोजंदारीवर खोकीं बांधणाऱ्या बाईच्या वांट्यास ती क्वचितच येते. तिच्या ताटांत पालेभाजी, डाळ, अंडें वा मासळी असावी, चीक बाळाच्या मुखीं जावा आणि पाजावयास तिला उसंत मिळावी, एवढेंच मागणें आहे. शंभर वर्षांपूर्वीं परळांत हेंच कळलें होतें. कळलेलें वळलें, तरच त्या अनामिक गिरणीकामकरणींचे उपकार फिटतील.