ॲरन : चित्रकार आणि संगणक

चित्रे रेखाटणारी एक संगणकीय आज्ञावली. ब्रिटिश चित्रकार हॅरल्ड कोहेन (१ मे १९२८ – २७ एप्रिल २०१६) याने ती तयार केली व चार दशकांहून अधिक काळ तिच्यात सातत्याने सुधारणा केल्या. कलावंत व कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या सहनिर्मितीचे हे एक आद्य उदाहरण होय. अशा चित्राचा कर्ता कोण, हा या सहनिर्मितीच्या इतिहासातील मूलभूत प्रश्न आहे.

कोहेनचा जन्म लंडन येथे झाला. तेथील स्लेड कलाशाळेत शिक्षण घेऊन त्याने चित्रकार म्हणून नावलौकिक मिळविला. १९६६ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात ब्रिटनतर्फे निवडलेल्या कलावंतांत त्याचा समावेश होता. १९६८ मध्ये तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेत अध्यापनासाठी गेला आणि तेथे आज्ञावली लिहिण्यास शिकला. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत त्याने अभ्यागत म्हणून काम केले. ‘ॲरन’ हे नाव याच काळातील, म्हणजे १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील आहे.

कागदावरील रेषांचे चित्र केव्हा बनते, हा कोहेनचा मूळ प्रश्न होता. त्यासाठी त्याने लहान मुलांच्या रेघोट्या आणि कॅलिफोर्नियातील आदिवासींची प्राचीन शिलाचित्रे यांचा विचार केला. बंद व खुला आकार, आतील व बाहेरील भाग, आकृती व पार्श्वभूमी यांतील भेद त्याने नियमांच्या रूपाने संगणकास दिले. आज्ञावलीत तयार चित्रांचा साठा नव्हता. आधी काढलेल्या रेषा लक्षात घेऊन ती पुढील रेषा ठरवी. म्हणून प्रत्येक चित्र नवे असे. १९७९ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथील आधुनिक कला संग्रहालयात जमिनीवर पसरलेल्या कागदावर फिरणाऱ्या, ‘कासव’ म्हटल्या जाणाऱ्या लहान यंत्राने ॲरनची रेखाटने काढून दाखविली. रंगकाम मात्र अनेकदा कोहेन स्वतः करी.

१९८० नंतरच्या दशकात ॲरनला वनस्पती व मानवाकृती रेखाटता येऊ लागल्या. त्यासाठी शरीराचे अवयव, सांध्यांच्या हालचालींच्या मर्यादा, तोल, फांद्या फुटण्याची रीत इ. माहिती नियमबद्ध करण्यात आली. रंगाची समस्या अधिक बिकट ठरली. चित्रकार रंग लावतो, पाहतो व बदलतो. ॲरनला दृष्टीच नव्हती. तेव्हा रंगांच्या उजळपणाचे परस्परसंबंध आधीच ठरविणारे नियम कोहेनने रचले. १९९५ मध्ये बॉस्टन येथील संगणक संग्रहालयात त्याने बनविलेले यंत्र रंगद्रव्ये मिसळून प्रेक्षकांसमोर चित्रे रंगवीत असे. पुढे यंत्राची जागा छपाईने घेतली. अखेरच्या वर्षांत कोहेनने रंगकाम पुन्हा आपल्याकडे घेतले : ॲरनने काढलेल्या आकृत्या तो स्पर्शपटलावर बोटांनी रंगवी. माणूस व यंत्र यांच्यातील कामाची वाटणी अशा रीतीने शेवटपर्यंत बदलत राहिली.

ॲरनचे सर्व ज्ञान एका चित्रकाराने जाणीवपूर्वक दिलेले होते. याउलट, २०१४ नंतर पुढे आलेल्या चित्रनिर्मितीच्या प्रणाली असंख्य चित्रांतील साम्ये-भेद गणिती रीतीने शिकतात. २०१८ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात अशा प्रणालीच्या साहाय्याने केलेले एक व्यक्तिचित्र ४,३२,५०० डॉलरना विकले गेले. ते करणाऱ्या फ्रेंच गटाने स्वाक्षरीच्या जागी गणिती सूत्र घातले होते. आपली चित्रे संमतीवाचून अशा शिक्षणासाठी वापरल्याची तक्रार करून २०२३ मध्ये काही चित्रकारांनी कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावा दाखल केला. मानवी कर्ता नसलेल्या चित्रास स्वामित्वहक्क मिळू शकत नाही, असा निर्णय त्याच वर्षी वॉशिंग्टन येथील संघीय न्यायालयाने दिला.

या वादांच्या संदर्भात ॲरनचे महत्त्व वाढले आहे. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने २०२४ मध्ये त्याचे प्रदर्शन भरविले. ॲरनच्या बाबतीत कोणता नियम कोणी व कशासाठी दिला, हे सांगता येते. म्हणून कर्तृत्वाची चर्चाही नेमकेपणाने करता येते. नव्या प्रणालींत तो माग पुष्कळदा हरवतो. यंत्र चित्र काढू शकते का, यापेक्षा त्याच्या चित्रामागील ज्ञान कोणाचे, हा प्रश्न त्यामुळे अधिक निकडीचा झाला आहे.