चुकांची वही: गणित अध्यापक मंडळाच्या खऱ्या कामाविषयी

पारशिवनी तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या सातबारावर जमिनीचे क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेले असते. १.०५ म्हणजे एक हेक्टर पाच आर. घरात बोलताना त्याचे 'एक हेक्टर पाच' होते. हे ऐकत वाढलेला मुलगा वहीत १.५ लिहून मोकळा होतो. त्याच्या हिशेबात जमीन पंचेचाळीस आरने, म्हणजे एकराहूनही जास्त वाढली. हाच मुलगा ०.३५ ला ०.४ पेक्षा मोठे ठरवतो. का, तर पस्तीस आर चार आरांपेक्षा जास्तच असणार. शिक्षक फुली मारतात आणि बाजूला 'निष्काळजीपणा' असा शेरा देतात. पण मुलगा निष्काळजी नाही. दशांश चिन्ह त्याला दोन मापांमधली भिंत वाटते. रुपये-पैशांनी आणि सातबाराने त्याला तेच शिकवले आहे.

ही चूक एका शिक्षकाला दिसली तर ती एका मुलाची चूक ठरते. दहा शाळांतल्या शिक्षकांना दिसली आणि त्यांनी ती एकमेकांना सांगितली, तर तिला ज्ञानाचे मोल येते. गणित अध्यापक मंडळ नावाच्या संस्थेचे प्रयोजन मला इथे दिसते.

आधी एक भेद स्पष्ट करायला हवा. शिक्षकांच्या एकत्र येण्याचे आपल्याकडे तीन प्रकार आहेत. सेवा-संघटना पगार, पेन्शन, बदल्या पाहतात. ते काम आवश्यक आहे, पण त्यात विषयाचा संबंध येत नाही. शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद प्रशासन भरवते. तिथे गणिताइतकाच वेळ पोषण आहाराला आणि ऑनलाइन माहिती भरण्याला जातो. तिसरा प्रकार विषय-मंडळाचा. तिथे शिक्षक आपण होऊन येतो आणि बोलायचे असते ते फक्त 'हे कसे शिकवू' याविषयी. पहिल्या दोन ठिकाणी त्याला कोणाला तरी उत्तर द्यावे लागते. तिसऱ्या ठिकाणी तो प्रश्न घेऊन येतो.

महाराष्ट्रात गणित अध्यापक महामंडळ आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत त्याच जातीची मंडळे आहेत. पण त्यांची ओळख कोणत्याही पालकाला विचारा, उत्तर एकच मिळते: परीक्षा. गणित संबोध, प्रावीण्य, प्रज्ञा ही नावे शाळांच्या फलकावर झळकतात. या परीक्षांनी कितीतरी खेड्यांतल्या मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरचे गणित पहिल्यांदा चाखवले, हे मान्यच करायला हवे. तरीही परीक्षा मंडळाचे बाकीचे काम गिळते. परीक्षेला शुल्क असते, निकाल असतो, प्रमाणपत्र असते, बक्षीस समारंभात हार-शाल असते. चर्चेला यातले काहीच नसते. शिवाय परीक्षेतून वर आलेली चार मुले सापडतात, उरलेल्या चाळिसांविषयी काही कळत नाही. खरे तर कळू शकले असते. उत्तरपत्रिका हातात असतात. पण त्यांतले गुण तेवढे नोंदले जातात आणि उत्तरे रद्दीत जातात.

चुका गोळा करायच्या तर त्यांची मुळे वेगळी करावी लागतात. मला तीन मुळे ठळक दिसतात.

पहिले मूळ भाषेत आहे. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी उच्चारला जातो, लिहिताना पाच आधी येतो. मूल ३५ लिहिते. 'एकोणसाठ' ऐकताना साठ ऐकू येतो आणि नऊचा भास होतो. मूल ६९ लिहिते. 'एकोण'ची ही अडचण १९ पासून ८९ पर्यंत आठ संख्यांत आहे. ९९ ला मात्र भाषा स्वतःच नियम मोडते आणि 'नव्व्याण्णव' म्हणते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी जोडवाचनाची पद्धत जुन्या नावांबरोबर दिली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी तिचे समर्थन केले. वाद बहुतेक भाषेच्या अस्मितेवर झडला. मुले किती संख्या उलट्या लिहितात, कोणत्या लिहितात, किती महिन्यांनी ही सवय सुटते, यावर तो व्हायला हवा होता. तो पुरावा देणे हे विषय-मंडळाचेच काम होते. कन्हानच्या कोळसा पट्ट्यातल्या शाळेत घरी हिंदी बोलणारी मुले असतील, तर 'त्रेसष्ट' आणि 'तिरसठ' यांची सरमिसळ ही आणखी एक नोंद.

दुसरे मूळ व्यवहारात. सातबाराचे उदाहरण वर आलेच. धरणाचे घ्या. तोतलाडोहचा उपयुक्त साठा सुमारे १०१७ दशलक्ष घनमीटर आहे. त्याखालचे, पारशिवनी तालुक्यातले नवेगाव खैरी सुमारे १४२. समजा पहिले पन्नास टक्के भरले आणि दुसरे पूर्ण. एकूण किती टक्के? वर्ग एकमुखाने म्हणेल पंचाहत्तर. प्रत्यक्षात साधारण छप्पन्न. वर्तमानपत्रात टक्के वाचून मुलांना वाटते की टक्के हीच वस्तू आहे; कशाचे टक्के, हा प्रश्न गळून पडतो.

तिसरे मूळ शिकवण्यातच आहे. 'मोठ्यातून लहान वजा करायचे' हे दुसरीत सांगितलेले वाक्य मूल जपून ठेवते आणि ५३ मधून २७ वजा करून ३४ लिहिते: सातातून तीन गेले चार, पाचातून दोन गेले तीन. हातचा घ्यायला ते विसरलेले नाही. हातच्याची गरज त्याच्या नियमाला पडतच नाही. नववीत (अ + ब) चा वर्ग काढताना दोन्ही पदांचे वेगवेगळे वर्ग करून बेरीज मांडणारी मुलगी हीच वाट चालते.

इथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी. बरोबर उत्तरही चूक लपवते. दशांश स्थळे कमी म्हणजे संख्या मोठी, असा उलटा समज असलेले मूल ०.४ आणि ०.३५ मध्ये ०.४ मोठे सांगते आणि पूर्ण गुण मिळवते. त्याला ०.४ आणि ०.४५ द्या, ते फसेल. उलट सातबाराच्या रीतीने विचार करणारा या दुसऱ्या जोडीत सुटतो आणि पहिल्या जोडीत सापडतो. म्हणून दोन्ही जोड्या एकत्र विचारायला हव्यात. असे प्रश्न एकट्याने बसून सुचत नाहीत. चार शाळांच्या वह्या शेजारी ठेवल्या की सुचतात.

इतिहासही हेच सांगतो. इंग्लंडमध्ये १८७१ साली भूमितीचे अध्यापन सुधारण्यासाठी एक संघ निघाला. युक्लिड जसाच्या तसा पाठ करून घेणे हे त्यामागचे दुखणे होते. १८९७ मध्ये त्याचेच मॅथेमॅटिकल असोसिएशन झाले. आपल्याकडे १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरने जी संस्था काढली, ती आजची इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी. परदेशी नियतकालिके मागवून ती टपालाने सभासदांत फिरवायची, हे तिचे सुरुवातीचे काम. तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. एकेकट्या शिक्षकाला जोडून घेण्याची किंमत देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांच्यावरून कळते. ६१७४ या स्थिरांकाची घोषणा त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत केली, पण जगाने दखल घेतली ती अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनरने १९७५ मध्ये लिहिल्यावर.

पारशिवनीसारख्या तालुक्यात हे कसे जमेल? उत्तरेला पेंचच्या जंगलालगतच्या छोट्या शाळा, दक्षिणेला कन्हानची मोठी विद्यालये; एका माध्यमिक शाळेत बहुधा गणित-विज्ञानाचा एकच शिक्षक. टपालाने फिरणारे नियतकालिक आठवा. तशीच एक जाड वही तालुक्यात फिरवावी. डाव्या पानावर मुलाचे चुकलेले उत्तर जसेच्या तसे, उजव्या पानावर शिक्षकाचा तर्क: त्याने असे का केले असेल. पुढच्या शाळेतला शिक्षक आपल्या वर्गात तोच प्रश्न देऊन खाली एक ओळ लिहील. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर हे होणार नाही. तिथे शुभेच्छांखाली सगळे वाहून जाते.

अट एकच, आणि तिच्याशी तडजोड नको. वहीत मुलाचे नाव नाही, शाळेचे नाही, शिक्षकाचेही नाही. आणि ती कोणत्याही अधिकाऱ्याच्या तपासणीत मांडायची नाही. मूल्यमापनाची सावली पडली की पुढच्या महिन्यात सगळी उत्तरे बरोबर येऊ लागतील.

तेव्हा मंडळाच्या पुढच्या बैठकीला येताना अध्यक्षीय भाषण नसले तरी चालेल. घटक चाचणीतली एक चुकलेली उत्तरपत्रिका आणा, नाव कापून.