प्लॅटिनम नावाची स्वस्ताई

गेल्या मे महिन्यात बुऱ्हाणपूरला जाऊन आलो. गोव्यातल्या माणसाने मध्य प्रदेशातल्या त्या गावी जाण्याचे तसे काही कारण नाही. पण माझी आत्या लग्न होऊन तिकडे गेली आणि त्यामुळे शाळेतल्या आमच्या दोन-तीन उन्हाळी सुट्ट्या तापीकाठी गेल्या. आत्या आता नाही. आतेभाऊ पुण्याला स्थायिक झाला आहे. घर विकायचे ठरले, त्याला रजा मिळेना, आणि कागदपत्रांच्या कामाला कारकून बरा म्हणून मला धाडण्यात आले. गोवा एक्स्प्रेसने भुसावळ, तिथून दुसऱ्या गाडीने पुढे.

माळ्यावर एक खोका सापडला. त्यात आमच्या लहानपणीचा टीव्ही गेम होता, त्याची पिवळी कार्ट्रिजे होती, एक प्लेस्टेशन टू आणि डिस्कांची चळत. बहुतेक डिस्का पातळ प्लास्टिकच्या पाकिटात, वर मार्करने नाव लिहिलेले. एकच डबी मात्र खरीखुरी, रुपेरी कडा असलेली. ग्रॅन टुरिस्मो ३, आणि त्यावर लिहिलेले : प्लॅटिनम.

ती पाहिली आणि २००६ साल आठवले. आतेभावाला नवी नोकरी लागली होती आणि पहिल्या पगारातून त्याने मुंबईहून ही डिस्क आणली होती. मी नेमका तेव्हा तिथे होतो. गावातल्या गल्लीत पन्नास-साठ रुपयांत तोच खेळ मिळत असताना याने कितीतरी पट पैसे मोजले, हे माझ्या डोक्यात शिरेना. "अरे, आत तेच आहे ना?" मी विचारले. शिवाय डबीवर प्लॅटिनम लिहिलेले पाहून सगळ्या घरादेखत त्याला 'शेठ' म्हणून चिडवले. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आत्याने दराबा पुढे केला तेव्हा आमचे मिटले, पण त्याने उत्तर काही दिले नाही.

मजा अशी, की ज्या शब्दावरून मी त्याला शेठ ठरवला त्या शब्दाचा अर्थच मुळी 'स्वस्त' असा होता. हे मला फार उशिरा कळले. घर आवरता आवरता रात्री मोबाइलवर वाचत बसलो, तेव्हा या स्वस्ताईचा इतिहास हाती लागला.

नवा खेळ बाजारात आला की पूर्ण किमतीला विकायचा. ज्यांना दम धरवत नाही ते तेव्हाच घेतात. वर्षभराने ते गिऱ्हाईक संपते. मग तोच खेळ, तीच डिस्क, वेगळ्या पट्टीच्या वेष्टनात, साधारण निम्म्या किमतीला पुन्हा आणायचा. जपानमध्ये सोनीने १९९६ साली 'प्लेस्टेशन द बेस्ट' या नावाने ही प्रथा सुरू केली. अमेरिकेत १९९७ मध्ये 'ग्रेटेस्ट हिट्स' आले. युरोपात याच मालिकेला 'प्लॅटिनम' म्हणत. आपल्याकडचे टीव्ही युरोपसारखेच पॅल पद्धतीचे, म्हणून आपल्या वाट्याला प्लॅटिनम आले. निन्टेन्डोचे 'प्लेयर्स चॉइस'ही १९९६ चेच. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी २००३ मध्ये 'प्लॅटिनम हिट्स' काढले.

पण कुठलाही खेळ उचलून स्वस्तात आणायचा, असे नव्हते. त्याला पात्रता लागे. अमेरिकेतल्या पहिल्या प्लेस्टेशनवर खेळ किमान एक वर्ष बाजारात असावा आणि त्याच्या दीड लाख प्रती खपलेल्या असाव्यात, असा नियम होता. पुढे तो आकडा अडीच लाखांवर गेला. प्लेस्टेशन टूसाठी चार लाख प्रती आणि नऊ महिने. निन्टेन्डोने तर सुरुवातीला दहा लाखांची अट ठेवली होती. म्हणजे आधी महाग विकून दाखवायचे, तेव्हाच स्वस्त होण्याचा मान! आमच्या खात्यातल्या बढतीच्या नियमांची आठवण व्हावी अशी ही रचना.

नावातली गंमतही यातूनच आली. अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रिका उद्योगाने १९७६ पासून दहा लाख प्रती खपलेल्या अल्बमला 'प्लॅटिनम' म्हणायला सुरुवात केली होती. खेळवाल्यांनी तो शब्द उचलला. जी प्रत सर्वांत कमी पैशांत मिळते तिला एका महागड्या धातूचे नाव. गिऱ्हाइकाला 'मी स्वस्तातले घेतले' असे वाटू नये, 'मी लोकांनी निवडलेले घेतले' असे वाटावे, हा त्यातला हिशेब. 'सेल' अशी पाटी लावली असती तर खेळ पडून राहिलेला दिसला असता.

हे परवडे कसे, तर डिस्कमुळे. त्याआधीच्या कार्ट्रिजमध्ये चिप असे. ती महाग, आणि किती हव्यात ते महिनोनमहिने आधी सांगून बनवून घ्याव्या लागत. डिस्क छापायला त्या मानाने काहीच खर्च नाही, आणि संपली तर थोड्या दिवसांत पुन्हा छापता येते. खेळ बनवण्याचा सगळा खर्च पहिल्या वर्षीच निघालेला असला, की पुढची प्रत म्हणजे जवळजवळ निव्वळ नफा. निन्टेन्डो १९९६ नंतरही आपल्या नव्या यंत्रासाठी कार्ट्रिजच वापरत राहिली आणि स्वस्ताईच्या या शर्यतीत सोनीचे पारडे जड झाले, ते उगीच नाही.

संग्राहक लोकांना मात्र ही स्वस्त आवृत्ती आवडत नाही. अमेरिकेत पहिल्या छपाईच्या प्लेस्टेशन डबीच्या कडेला काळी पट्टी असे, ग्रेटेस्ट हिट्सला हिरवी. त्यामुळे मूळ प्रतीला ते 'ब्लॅक लेबल' म्हणतात. (गोव्यात हा शब्द उच्चारला की वेगळीच बाटली डोळ्यांपुढे येते, पण असो.) त्याच खेळाच्या ब्लॅक लेबलला जास्त भाव आणि हिरव्या पट्टीला कमी. आत तेच असते... कधी तर हिरव्या-लाल पट्टीतच जास्त असते! 'सायलेंट हिल २'च्या ग्रेटेस्ट हिट्स प्रतीत मूळ प्रतीत नसलेला एक पूर्ण उपकथाभाग घातला होता. 'फायनल फॅन्टसी ७'च्या पहिल्या छपाईत मलपृष्ठावर 'मास्टरपीस' या शब्दाचेच स्पेलिंग चुकले होते, ते पुढे सुधारले. पण ज्याला पहिलेपणच हवे त्याला चूकही मोलाची वाटते. पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या जमवणारे आमचे एक परिचित आहेत, त्यांचीही तीच तऱ्हा. चौथी आवृत्ती लेखकाने स्वतः तपासलेली असली तरी त्यांना ती नको.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाहनवाज खानाची कबर पाहायला गेलो. बुऱ्हाणपूरचे लोक तिला काळा ताजमहाल म्हणतात. शाहनवाज हा अब्दुर्रहीम खानखानाचा मुलगा, १६१९ मध्ये वारला. हाच तो दोह्यांचा रहीम. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि दख्खनच्या मोहिमेचे ठाणे बुऱ्हाणपूरला पडले. रहीमने आयुष्याची कितीतरी वर्षे या गावात काढली. इंग्रज वकील टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात इथे आला, तेव्हा नावाला शाहजादा परवेझ होता आणि कारभार खानखानाचा. त्या कबरीपाशी बसल्यावर माझ्या लक्षात आले, की रुपेरी डबीचा किस्सा या गावात चारशे वर्षांपूर्वीही घडून गेला आहे.

अकबराने १५८२ मध्ये महाभारताचे फारसी भाषांतर करवले : रझ्मनामा, म्हणजे युद्धाचे पुस्तक. बदायुनीसारख्या कट्टर माणसालाही त्या कामाला जुंपले आणि त्याने त्याबद्दलची कडवट नोंद लिहून ठेवली. दरबारी प्रत चित्रांनी भरलेली. एकेका पानावर आराखडा एकाचा, रंग दुसऱ्याचा, कधी चेहरे तिसऱ्याचे. दसवंत, बसावन, लाल असे एकापेक्षा एक चितारी. मग अमीर-उमरावांना हुकूम झाला, की आपापल्या प्रती करवून घ्या. बदायुनीनेच ते लिहिले आहे. पूर्ण खर्चाची आवृत्ती आधी बादशहाची, नंतरच्या आवृत्त्या खालच्यांच्या.

रहीमने रामायणाची शाही प्रत पाहिली आणि बादशहाची परवानगी घेऊन आपली प्रत करवली. त्याच्या स्वतःच्या हातची टीप त्या पोथीत आहे : हिजरी ९९६ मध्ये आरंभ, १००७ मध्ये समाप्ती. म्हणजे १५८७-८८ ते १५९८-९९. त्यात १३० चित्रे आहेत आणि आज ती पोथी वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. रझ्मनाम्याची एक प्रत हिजरी १०२५ ची, म्हणजे १६१६ ची. अभ्यासक ती रहीमच्या चित्रशाळेशी जोडतात. त्याचे चरित्र 'मआसिर-ए-रहीमी' हेही १६१६ मध्येच पुरे झाले, आणि त्यात त्याच्या ग्रंथालयातल्या कारागिरांची माहिती येते.

रहीमच्या प्रतींत खर्च कुठे वाचवला ते चित्रे पाहिली की कळते. बहुतेक पान एकाच चिताऱ्याने निपटलेले. माणसांची गर्दी कमी, मागचा डोंगर सपाट रंगाचा, बारीक काम मोजके. कलेच्या इतिहासात या कामाला 'सब-इम्पीरियल' म्हणतात, काहीजण 'पॉप्युलर मुघल'. हिरवी पट्टीच ती! रहीम काही गरीब नव्हता आणि त्याची पोथी बाजारातल्या मोमीन विणकराच्या हाती कधी पडली नसणार, हे खरे. पण अकबराची ती मूळ प्रत जयपूरच्या राजसंग्रहात गेली आणि दीर्घकाळ कुलपात राहिली. १६१६ च्या प्रतीची पाने सुटी झाली, विकली गेली, जगभरच्या संग्रहांत पसरली. पोथी फुटली हे वाईटच. पण पुष्कळांनी रझ्मनामा म्हणून जे पाहिले, ते अशा खालच्या प्रतींचे पान.

१६१६ हा आकडा गोव्याच्या माणसाला ओळखीचा आहे. त्याच वर्षी आमच्या साष्टीत, राशोलला, फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण छापून झाले. मराठी ओव्या, लिपी रोमी. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. आपल्याला ते पुराण मिळाले ते हाताने केलेल्या नकलांमुळे. कोणीतरी दिव्याच्या उजेडात बसून उतरवून घेतले म्हणून १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापता आले.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नकलेची बाजू घेता घेता मी गल्लीतल्या पन्नास रुपयांच्या डिस्कचीही बाजू घेऊ लागलो होतो, आणि त्यात तथ्य आहेच. आमचा तो पहिला टीव्ही गेम म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉम यंत्राची नक्कल. त्याच्या पिवळ्या कार्ट्रिजवर 'नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार' वगैरे खेळ असल्याचा दावा, आत दहा-पंधरा; उरलेले तेच खेळ दुसऱ्या पायरीपासून सुरू होणारे. आम्ही ती यादी सुट्टीभर खाली खाली नेत बसायचो. ती नक्कल नसती, तर बुऱ्हाणपूरच्या किंवा आमच्या फोंड्याच्या पोराने मारिओचे तोंडही पाहिले नसते. मूळ कंपनीची 'प्लेयर्स चॉइस' आमच्या गल्लीत कधी आलीच नाही. तरीही फरक आहे. माझे अर्धे आयुष्य 'सत्यप्रत' असा शिक्का मारण्यात गेले, मला तो कळायला हवा होता. दोन्ही झेरॉक्सच, पण एकीखाली कोणीतरी सही करून जबाबदारी घेतलेली असते. रहीमने परवानगी मागितली आणि तारखा लिहून ठेवल्या. आतेभावाने रुपेरी डबीचे पैसे मोजले, ते त्या सहीचे. ज्या वस्तूवर जीव आहे ती एकदा तरी रीतसर आपली असावी, एवढेच त्याला हवे होते. त्याला परवडेल अशी रीतसर वाट एकच होती, तीही खेळ पाच वर्षे जुना झाल्यावर. आणि मी त्याला शेठ म्हटले.

रात्री त्याला फोन केला. म्हटले, "तुझी प्लॅटिनम सापडली. २००६ ची. माझं चुकलं होतं रे तेव्हा."

"कुठली? ग्रॅन टुरिस्मो?" तो हसू लागला. "उघडून बघितलीस का?"

उघडली. आत पांढरी डिस्क, मार्करने लिहिलेली : जी टी ३.

"मूळची दोन वर्षांत ओरखडे पडून गेली," तो म्हणाला. "मग गल्लीतून ही आणली. डबी मात्र टाकवेना."

"मग आता काय करू? कबाडीवाला सकाळी येतोय."

"यंत्र दे त्याला. डबी तू ने."

"आणि डिस्क?"

"आतच राहू दे," तो म्हणाला.

सकाळी कबाडीवाल्याने टीव्ही गेम, प्लेस्टेशन आणि उरलेल्या डिस्का तराजूत घातल्या आणि सगळ्यांचे मिळून एकशे चाळीस रुपये दिले. पिवळ्या कार्ट्रिजांपैकी एक मी मागून घेतले.