प्रा. ओबैद सिद्दीकी : एक उस्ताद

आमच्या उर्दू शाळांच्या भिंतींवर डॉ. कलामांची तसबीर हमखास दिसते. प्रा. ओबैद सिद्दीकी हे नाव मात्र आमच्या बहुतेक मुलांच्या कानावरही आलेले नसते.

१९३२ साली उत्तर प्रदेशातील बस्ती येथे जन्मलेले सिद्दीकी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकले. विद्यार्थिदशेत डाव्या चळवळीपायी त्यांना तुरुंगवास घडला. पुढे ग्लासगोला त्यांनी आनुवंशिकीत डॉक्टरेट मिळवली. होमी भाभांच्या निमंत्रणावरून १९६२ मध्ये ते मुंबईस आले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला.

सजीवाला चव आणि गंध कळतो कसा, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी त्यांनी फळमाशी, म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंगावणारे चिलट निवडले. चव न ओळखणाऱ्या माश्या वेगळ्या काढायच्या आणि दोष कोणत्या जनुकात आहे ते शोधायचे, ही त्यांची रीत. व्हेरोनिका रॉड्रिग्ज ही त्यांची शिष्या याच वाटेने नामवंत शास्त्रज्ञ झाली. बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रही त्यांनीच घडवले. २००६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. २६ जुलै २०१३ रोजी, अपघातानंतर, त्यांचे निधन झाले.

आमच्या घरांत जीवशास्त्र म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशाची पायरी. गुणांपलीकडचा इल्म मुलांना कोण दाखवणार? चिलटाकडे बघून एखाद्या मुलीने ‘असे का?’ विचारले, तर तिला गप्प न बसवणे, एवढे तरी आम्हा शिक्षकांच्या हाती आहे. मरहूम उस्तादांची याद त्यातच राहील.