शेवंतीची चार फुलं

देवाला वाहिलेलं फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतं. ते पायदळी येऊ द्यायचं नाही, घरात साठवायचं नाही. वाहत्या पाण्यात सोडायचं किंवा झाडाच्या बुंध्याशी ठेवायचं, असा दंडक मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. शिळं फूल पूजेला चालत नाही, हेही लहानपणीच कानावर पडतं. असं असूनही, घरोघरी सप्ताह लावून जिची पारायणं होतात त्या पोथीची कथा अखेरीस येऊन ठेपते ती जपून ठेवलेल्या फुलांपाशी.

ही पोथी म्हणजे ‘गुरुचरित्र’ आणि ठिकाण कलबुर्गी जिल्ह्यातलं गाणगापूर, भीमा-अमरजेच्या संगमाचं. पोथीचे चरित्रनायक, वऱ्हाडातल्या कारंज्यात जन्मलेले श्रीनृसिंह सरस्वती, यांनी आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध इथं घालवला. गाणगापूर सोडण्याचं निमित्त घडलं ते बिदरमुळे. असाध्य फोडानं त्रासलेला एक मुसलमान राजा त्यांच्याकडे आला, बरा झाला आणि मोठ्या मानानं त्यांना आपल्या राजधानीत घेऊन गेला, असं पन्नासावा अध्याय सांगतो. ते नगर म्हणजे बहमनींचं बिदर, असं मानलं जातं. राजाच येऊन गेला म्हटल्यावर आता गर्दीला आवर राहणार नाही, हे ओळखून स्वामींनी गुप्त व्हायचं ठरवलं.

एक्कावन्नावा अध्याय त्या निरोपाचा. श्रीशैलाजवळ पाताळगंगेच्या काठी शिष्यांनी फुलांचं आसन रचलं आणि ते प्रवाहात सोडलं. दिवस माघ वद्य प्रतिपदेचा, संवत्सर बहुधान्य. परंपरा तो शके 1380 मानते, म्हणजे इसवी सन 1459 च्या आरंभीचा काळ. निघताना स्वामींनी खूण सांगून ठेवली होती. मुक्कामी पोहोचलो की शेवंतीची फुलं पाठवीन, ती प्रसाद म्हणून घ्या आणि त्यांची अखंड पूजा करा. पुढे प्रवाहातून चार फुलं आली, ती चौघा शिष्यांनी घेतली. एक सायंदेवांनी घेतलं, दोन नंदी आणि नरहरी या दोघा कवींनी, चौथं सिद्धमुनींनी.

या प्रसंगातल्या ‘अखंड पूजा करा’ या आज्ञेकडे पारायणाच्या ओघात सहसा लक्ष जात नाही. फुलाची अखंड पूजा म्हणजे सुकलेल्या फुलाची पूजा. ज्या धर्माचारात कालचं फूल देवाला चालत नाही, तिथं वाळलेलं फूलच देव्हाऱ्यात बसवायला गुरू सांगतात. ते फूल आता वाहायची वस्तू राहिलेलं नाही, निघून गेलेल्या माणसाची ती खूण झाली आहे.

फूल शेवंतीचंच असावं, हेही किती समर्पक आहे! दिवस लहान होऊ लागले की शेवंतीला कळ्या धरतात, त्यामुळे थंडीत तिचा बहर असतो. गुलाब वाळताना पाकळ्या टाकतो. शेवंतीची जी पाकळी म्हणून आपण ओळखतो ते मुळात एकेक स्वतंत्र फूलच असतं आणि अशी अनेक फुलं एकाच बैठकीवर दाटीनं बसलेली असतात. म्हणून वाळताना ती आक्रसते, रंगानं मळकट होते, पण बहुधा विखरून पडत नाही.

चौघांपैकी सायंदेवांचं घराणं आळंद तालुक्यातल्या कडगंचीचं, आडनाव साखरे. सायंदेव, नागनाथ, देवराव, गंगाधर आणि सरस्वती अशी त्यांची वंशावळ पोथीतच येते. हे सरस्वती गंगाधर म्हणजेच गुरुचरित्राचे कर्ते. ग्रंथरचनेचा काळ साधारणपणे सोळाव्या शतकाचा मध्य धरतात. ज्याच्या हाती फूल आलं त्याच्याच वंशजानं, मराठी आपली बोली नाही असं पहिल्याच अध्यायात मोकळेपणानं सांगून, ती हकिगत मराठी ओव्यांत बांधली. कन्नड मुलखातल्या एका कुटुंबाची आठवण अशी मराठी घरांच्या देव्हाऱ्यात आली, आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेनं सीमा आखली तरी तिचं स्थान ढळलं नाही.

गुरुचरित्र रचलं गेलं त्याच सुमारास इटलीत पिसा इथं लुका गिनी हा वैद्यकाचा अध्यापक वनस्पती कागदात दाबून, वाळवून, चिकटवून ठेवायला शिकवत होता. त्याच्या शिष्यांनी हे तंत्र युरोपभर नेलं आणि वनस्पतीसंग्रहांची परंपरा रुजली. त्याला जपायची होती ती फुलाची ओळख. भीमेकाठच्या शिष्यांना फूल कुणाकडून आलं, तेवढंच महत्त्वाचं होतं.

कलबुर्गी शहरात हाच भाव दर्ग्यातही भेटतो. सूफी संत ख्वाजा बंदेनवाज 1422 मध्ये निवर्तले. त्यांच्या मजारीवर फुलांची चादर चढते आणि तिथली चार पाकळ्यांची पुडी तबर्रुक, म्हणजे प्रसाद, म्हणून घरी नेली जाते. उर्सात तिथं हिंदू भाविकही मोठ्या संख्येनं असतात.

बिदरनं मात्र फूल धातूत उतरवलं. बिदरी कामात जस्त पुष्कळ आणि तांबं थोडं असा मिश्रधातू रेतीच्या साच्यात ओततात, कानशीनं घासतात, मोरचुदानं तात्पुरता काळा करतात आणि त्यावर हातानं नक्षी कोरतात. कोरलेल्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. शेवटी बिदर किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांच्या उकळत्या पाण्यात वस्तू बुडवली की धातू कायमचा काळा पडतो, चांदी तेवढी लखलखीत राहते. अत्तरदाणी, गुलाबदाणी, पानदान, हुक्क्याचं भांडं, सगळ्यांवर वेली आणि फुलं. अफूचं फूल तर कारागिरांचं विशेष आवडतं. या कामाला 2006 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2023 मध्ये बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री. खऱ्या फुलांचं गुलाबपाणी आणि अत्तर ज्या भांड्यात ठेवायचं, त्याच्याच अंगावर न सुकणारं फूल कोरायचं, ही कल्पना दख्खनच्या रसिकतेची साक्ष आहे.

गाणगापूरची वाट पुढे आगगाडीनं सोपी केली. सोलापूरहून निघालेला लोहमार्ग 1871 मध्ये रायचूरला जाऊन मद्रासच्या रेल्वेला मिळाला आणि पुण्या-मुंबईची माणसं गाणगापूर रोड स्थानकावर उतरू लागली. परतताना संगमावरच्या भस्माची पुडी आणि पादुकांवरचं एखादं फूल बरोबर यायचं. ते फूल ठेवायची जागा बहुतेक घरांत एकच, पोथीची पानं. पण सुकतं फूल कागदावर तपकिरी डाग पाडतं, ओलावा धरतं आणि कसरीला बोलावतं. म्हणून हस्तलिखितांचं जतन करणारे अशी फुलं पानांतून काढून आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवतात. घरच्या पोथीतलं फूलही असंच वेगळं ठेवावं, आणि ते कुणी, कधी आणलं याची चिठ्ठी पाकिटात घालावी.