पावसात घरात येणारा मांजर-कुत्र्याचा वास फिनाईलने का जात नाही? जमीन, गादी, लाकडासाठी काय करायचं

जूनमध्ये पाऊस धरला की सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या घराघरांत एक तक्रार सुरू होते. पडवीत, माजघरात, सोफ्याच्या कोपऱ्यात मांजराच्या किंवा कुत्र्याच्या लघवीचा वास. फिनाईल मारलं की दोन तास बरं वाटतं, संध्याकाळी वास परत हजर. कंटाळून काही जण मांजर पोत्यात घालून लांब सोडून येतात. वास मात्र घरातच राहतो, कारण तो मांजरात नसून जमिनीत मुरलेला असतो.

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, तेव्हा नाकाला झोंबतं. मांजराच्या, त्यातही बोक्याच्या लघवीत गंधक असलेला एक घटक असतो. तो हळूहळू फुटतो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी वास जास्त येतो. उन्हाळ्यात डाग सुकतो आणि विषय संपतो. पावसाळ्यात हवेतच एवढं पाणी असतं की सुकलेले क्षार ओलावा ओढून घेतात आणि जिवाणू पुन्हा कामाला लागतात. मार्चमध्ये केलेली घाण जुलैत वास मारते ती यामुळे.

म्हणून आधी जागा शोधायची. रात्री दिवे घालवून नोटा तपासायची निळी टॉर्च फिरवली तर जुने डाग फिकट पिवळट-हिरवट चमकतात. टॉर्च नसेल तर गुडघ्यावर बसून नाक लावायचं, दुसरा इलाज नाही.

डाग ताजा असेल तर घासू नये, घासल्याने तो पसरतो. जुनं सुती फडकं दाबून टिपून घ्यावं, साध्या पाण्याने दोनदा पुसावं, मग कपड्याच्या साबणाच्या पाण्याने. सिमेंटचा कोबा आणि फरशीच्या दरजा लघवी पितात, त्यामुळे वरून पुसून भागत नाही. साबणाचं पाणी पंधरा-वीस मिनिटं तिथे राहू द्यावं आणि मग टिपावं. बाजारात एन्झाइमचं क्लीनर मिळतं, वास मुळातून काढायला ते सर्वांत चांगलं. पण बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ते ओलं राहायला हवं, आणि आधी फिनाईल मारलेलं असेल तर जागा साध्या पाण्याने नीट धुवून घ्यावी, नाहीतर पैसे वाया.

व्हिनेगर किंवा लिंबाचा उपाय मोबाईलवर सगळीकडे फिरतो. कोब्यावर, शहाबादीवर, कडप्प्यावर, कोट्यावर तो करू नये. शहाबादी, कडप्पा, कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड, आंबटाने त्यांची चकाकी जाते आणि खडबडीत झालेला दगड पुढच्या वेळी लघवी जास्त पितो. सिरॅमिक टाइल्सवर चालेल.

सारवलेल्या जमिनीला यातलं काहीच लागत नाही. डागाचा थर बोटभर उकरून बाहेर टाकावा, कोरडी माती भरून चोपावी आणि वरून सारवावं. सगळ्या जमिनींत हीच सोपी, असं म्हटलं तरी चालेल.

कापसाच्या गादीवर पाणी ओतू नये, आतला कापूस कुजतो. खोळ काढून धुवावी, डागावर खाण्याचा सोडा जाड पसरून रात्रभर ठेवावा, सकाळी झाडावा. उघडीप मिळाली की गादी उन्हात. आत मुरलं असेल तर तेवढा कापूस काढून टाकून गादी पिंजून घेणंच बरं. फोमसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. मेडिकलमध्ये बहुतेक ६ टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घालावं. रंगीत कापडाचा रंग उडू शकतो, आधी कोपऱ्यात थोडं लावून बघावं. पाणी घातलेलं उरलं तर बंद बाटलीत ठेवू नये, टाकून द्यावं.

सागवान-फणसाच्या लाकडाला वरून पॉलिश असतं, पण पायांच्या खालचा भाग कोराच असतो आणि वास तिथेच बसतो. फर्निचर आडवं करून तो भाग साबणाच्या फडक्याने पुसावा, पंख्याखाली सुकवावा आणि पॉलिश पेपर मारून वार्निश लावावं. सुकवण्यासाठी खोली बंद करून शेगडी पेटवू नका, त्या धुराने माणूस झोपेतच जातो.

आता जिवावर बेतणाऱ्या गोष्टी. ब्लीचिंग पावडर लघवीवर थेट टाकू नये, विषारी वायू होतो. टॉयलेट क्लीनर किंवा अ‍ॅसिडबरोबर तर ती कधीच मिसळू नये, क्लोरीन सुटतो. लहान न्हाणीघरात गुदमरायला वेळ लागत नाही. काळं फिनाईल मांजराला बाधतं. ओल्या फरशीवरून चालून ते पाय चाटतं आणि त्याच्या यकृताला ते पचत नाही. लाळ गळणं, उलटी, झोकांड्या दिसल्या तर पाय साबणाने धुवून सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

उंदीर, कुत्रा, गुरं यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि कोकणात तो दर पावसाळ्यात येतो. लावणीत पायाला चिरा पडलेल्या असतात, तिथूनच जंतू शिरतात. साफ करताना रबरी हातमोजे आणि चप्पल घालावी. नंतर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल झाले तर अंगावर न काढता डॉक्टरांना घरातल्या जनावराबद्दलही सांगावं. कुत्र्यासाठी या रोगाची लस मिळते.

शेवटी मांजर घरात का मुततं ते बघायला हवं. त्याला उकरायला कोरडी माती लागते आणि जुलैत अंगणात सगळा चिखल. मग ते चुलीजवळची राख, भाताचा तूस, गोणपाट शोधतं. मे महिन्यातच दोन पोती कोरडी वाळू भरून ठेवावी. जुन्या घमेल्यात चार बोटं वाळू घालून ते पडवीच्या शांत कोपऱ्यात ठेवावं, घाण रोज काढावी. बोका भिंतीवर फवारे मारत असेल तर शस्त्रक्रियेने बहुतेकांची सवय मोडते. आणि तो वारंवार बसून जोर करतोय पण थेंबही येत नाही असं दिसलं, तर ती खोड नव्हे, मूत्रमार्ग बंद झालेला असतो. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं, दोन दिवस थांबलं तर बोका वाचत नाही.